मामा रेंजच्या बाहेर

मी स्वित्झर्लंडला जाऊन आलो, असं मखमलाबाद नाक्यावर सगळ्यांना माहीत आहे आणि ते पुष्कळसं खरंही आहे. सहा दिवसांपैकी पाच दिवस मी तिथेच होतो. उरलेला एक दिवस मी त्याच्या शेजारच्या एका लहानशा देशात होतो. त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेलो नाही. कुणी विचारलंच तर मी विषय बर्फाकडे नेतो.

माझं पाण्याच्या मोटारी आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. नळ्या बनवणाऱ्या कंपनीने दुकानदारांसाठी स्कीम काढली होती, की अमुक इतका माल उचला आणि जोडीने परदेश फिरून या. माल मी उचलला. तो अजून माझ्या गोदामात पडून आहे, पण तो वेगळा विषय आहे. मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'स्वित्झर्लंड आणि लिक्टनस्टाइन, मे महिन्याचा दुसरा आठवडा.'

हे दुसरं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. शोधल्यावर कळलं की हा खरोखरच एक देश आहे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे, एका नदीच्या काठाने डोंगराला टेकून बसलेला. त्याला राजा आहे, राजाला डोंगरावर किल्ला आहे, आणि सगळा देश मिळून आपल्या नाशिक महानगरपालिकेहून लहान आहे. मला अतिशय आनंद झाला. दोन देशांचा प्रवासी म्हणून मी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो.

तिथे धोंडीराम अण्णा बसले होते. अण्णा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली, पण सोसायटीत कुणाचाही मोबाइल बिघडला तर तो आधी अण्णांना दाखवायची पद्धत आहे. अण्णा तो उलटा करून हातात तोलतात आणि "सेट जड झालाय" असं काहीतरी सांगतात. मी त्यांना देशाचं नाव सांगितलं.

"देश?" अण्णा म्हणाले. "सैन्य आहे का त्यांचं?"

मी घरी जाऊन बघून आलो. सैन्य नव्हतं.

"मग कसला देश? कंपनीने बनवलं तुला. एखादं रिसॉर्ट असेल."

पुढचे आठ दिवस हेच चाललं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक विचारायचं, "ते कुठं आलं?" दीपमालाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, भिशीतल्या बायकांनी तर तिला सांत्वनाच्या सुरात "असू दे गं, फिरणं महत्त्वाचं" असं सांगितलं. शेवटी मी तो देश वगळला. कुणीही विचारलं की फक्त "स्वित्झर्लंड" म्हणायचं. लोकांचे डोळे मोठे व्हायचे आणि माझी छाती. इतक्या वेळा म्हटलं, की मलाही तेच खरं वाटायला लागलं.

नेमकं ह्याच सुमाराला निकिताचं लग्न जमलं. निकिता ही माझ्या आक्काची, साधनाआक्काची, एकुलती एक मुलगी. आक्का आणि तिचे मालक भारतदाजी मातोरीला राहतात. झेंडू, शेवंती आणि थोडी मेथी-कोथिंबीर हा त्यांचा संसार. आमची आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. त्यानंतर मला शाळेत घालण्यापासून दुकानाला गाळा बघून देण्यापर्यंत सगळं आक्काने केलं. ह्यावर मी जास्त लिहीत नाही. लिहायला लागलो तर ह्या गोष्टीत हसण्यासारखं काही उरणार नाही.

मुलगा साई जहाजावर नोकरीला होता, सुट्टीवर आलेला. साखरपुडा त्याची सुट्टी आहे तोवर आणि लग्न दिवाळीनंतर, असं ठरलं. साखरपुड्याला लॉन्स मिळालं ते नेमकं मी परदेशात असतानाच्या रविवारी. मी आक्काकडे गेलो आणि पडेल चेहऱ्याने उभा राहिलो. चेहरा पाडला होता खरा, पण बॅगा भरून झाल्या होत्या. आक्काला ते न सांगता कळलं असणार.

"जा की मग," आक्का म्हणाली. "साखरपुडाच हाय. दीपमालानं तरी कुठं काय पाह्यलंय? तिला लय हौस हाय. जा तू."

दाजी हार गुंफत होते. ते म्हणाले, "नायतर आजकाल साखरपुड्यातच लगीन लावून टाकत्यात, गेणूभाऊ. आमच्या भावकीत मागल्या महिन्यात तीन झाली."

"दाजी, मामाशिवाय लावून दाखवा!" मी म्हणालो आणि मोठ्याने हसलो. ते हसणं मला आता ऐकू येतं तेव्हा चहा कडू लागतो.

आक्का मात्र हसली नाही. "पर फोनवर ऱ्हाशील ना? वट्टी भरताना पोरीला मामा दिसाया पायजे. तेवढं कर बाबा."

"दिसायला म्हणजे? फेटा बांधून दिसेन," मी शब्द दिला. लग्नात मामाने द्यायची पैठणी तर मी आधीच येवल्याला मागावर चढवायला सांगितली होती. दिवाळीपर्यंत होईल, म्हणाला होता विणकर. माझ्या मते मामा म्हणून माझी तयारी चोख होती. राहिला होता फक्त फोन.

परदेशातल्या फोनबद्दल अण्णांचं मत ठाम होतं. "इथलं कार्ड विमानात बसायच्या आधी काढून टाक. माझ्या साडूच्या व्याह्याने दुबईत नुसता खिशात ठेवला फोन. बिल आलं ते भरायला बाईच्या पाटल्या गेल्या." मी त्याच संध्याकाळी अण्णांना घेऊन रविराजच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. रविराज अशी परदेशी कार्डं ठेवतो. त्याने वही उघडून विचारलं, "कोणते देश, साहेब?"

हा प्रश्न त्याने अनेकवचनात विचारला होता. मला अजून लख्ख आठवतं.

मी तोंड उघडलं. बाजूला अण्णा उभे होते. मागे आमच्याच गल्लीतले दोघेजण रिचार्जला थांबले होते. आता मी ते नाव घेतलं असतं, तर पुन्हा सैन्यापासून सुरुवात झाली असती.

"स्वित्झर्लंड," मी म्हणालो.

"अजून कुठं शेजारीपाजारी? सगळ्या युरोपचं पण आहे, थोडंसंच महाग आहे."

"नाही हो. फक्त स्वित्झर्लंड."

"बघा, खात्री करून घ्या. बॉर्डर ओलांडली तर हे बंद पडतं."

"मी काय सैन्यात आहे का बॉर्डर ओलांडायला?" मी म्हणालो, आणि अण्णांसकट सगळे हसले. एका वाक्यात चार माणसं हसवल्याचं समाधान घेऊन मी ते कार्ड घरी आणलं.

पहिले चार दिवस त्या कार्डाने माझी मान उंच ठेवली. रोपवेमधून मी अण्णांना बर्फ दाखवला. ("बिल किती पडतंय?" अण्णा.) तळ्यावरून दुकानातल्या कामगारांना बदकं दाखवली. एका उतारावर चरणाऱ्या गाई दाखवायला आक्काला फोन लावला, तर ती म्हणाली, "गाई काय दावतो? आमच्याकडं बी हायेत. तू जेवला का?" मग तिने फोन घरभर फिरवून साखरपुड्याची तयारी दाखवली. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, निकिताची साडी, निकिता. "रविवारी तीन वाजता हां, मामा," निकिता म्हणाली. "तुमच्यासाठी पुढची खुर्ची ठेवणारे. तिच्यावर फोन ठेवू."

रविवारी सकाळी आम्ही बसने निघालो. आमच्याबरोबर सविता मॅडम म्हणून कंपनीच्या टूर मॅनेजर होत्या. त्यांनी मधेच माइक घेऊन सांगितलं, "आता आपण दुसऱ्या देशात आलो आहोत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर पाहिलं. फाटक नव्हतं, पोलिस नव्हता, पाटीसुद्धा माझ्या नजरेला पडली नाही. आपल्याकडे सिन्नरला जायचं तरी टोलनाका लागतो. इथे एक साधी नदी लागली आणि देश बदलला. त्या क्षणी माझ्या खिशातल्या कार्डाने मान टाकली होती, पण मी टाळ्या वाजवत होतो.

राजधानीचं गाव टुमदार होतं. स्वच्छ चौक, वर कड्यावर राजाचा किल्ला, आणि रविवार असल्यामुळे रस्त्यावर बहुतेक आम्हीच. तिथे रस्त्यावरून रबरी चाकांवर धावणारी एक छोटी आगगाडी गावातून फिरवून आणते. सविता मॅडम सगळ्या दुकानदारांना घेऊन तिच्यात बसल्या. मी म्हणालो, "तुम्ही या जाऊन. माझा एक महत्त्वाचा कार्यक्रम आहे. मला शांतता पाहिजे." शांतता मी स्वतःच्या तोंडाने मागून घेतली. बस लांबच्या वाहनतळावर गेली. दीड वाजता ह्याच चौकात जमायचं ठरलं.

आपल्याकडचे तीन म्हणजे तिथले साडेअकरा. अकरा वाजून दहा मिनिटांनी दीपमालाने मला फेटा चढवला. पाठीमागे किल्ला येईल असा कठडा मी आधीच हेरून ठेवला होता. घसा साफ केला, चेहऱ्यावर मामाला शोभेल असं हसू आणलं आणि फोन काढला. फोनच्या कोपऱ्यात नेहमीच्या काड्या नव्हत्या. तिथे लिहिलं होतं, सेवा नाही.

आधी मी फोन बंद करून चालू केला. मग डोक्यावर धरला. मग डोक्यावर धरून कठड्यावर चढलो. दीपमालाने कानातलं काढून दिलं, त्याच्या टोकाने मी कार्ड बाहेर ओढलं, सदऱ्याला पुसलं, त्याच्यावर फुंकर मारली आणि परत बसवलं. फोनला ह्यातलं काहीच पटलं नाही. दीपमालाचा फोन तर बिलाच्या धास्तीने आम्ही घरीच ठेवला होता.

"आपलं तिकडचं कार्ड कुठाय?" दीपमालाने विचारलं.

आपलं नाशिकचं कार्ड अण्णांच्या सल्ल्यानुसार मी औषधांच्या डबीत ठेवलं होतं. डबी मोठ्या बॅगेत, बॅग बसच्या पोटात आणि बस वाहनतळावर.

"मी रविराजकडे निघताना काय म्हटलं होतं?"

तिने म्हटलं होतं, पत्रात लिहिलेली दोन्ही नावं सांगा. मी तिला तंत्रज्ञानातलं कळत नाही असं उत्तर दिलं होतं. आता ते आठवत नसल्याचा चेहरा मी केला.

चौकात प्रवाशांच्या मदतीचं सरकारी कार्यालय होतं. तिथल्या बाई फार गोड होत्या. मी घाईने "अर्जंट, अर्जंट" म्हणत आत शिरलो, तेव्हा त्यांनी माझा फेटा पाहिला, हसल्या, हात पुढे करून पासपोर्ट घेतला आणि त्यावर त्यांच्या देशाचा शिक्का मारला. तिथे येणारे सगळे त्याच्यासाठीच येतात म्हणे. शिक्क्याचे पैसे देऊन मी पुन्हा समजावलं, तर त्यांना वाटलं दीपमालाचा पासपोर्ट राहिला. त्यावरही त्यांनी शिक्का उमटवून दिला. दोन शिक्के मिळवण्यात सात मिनिटं गेली.

शेवटी त्यांना कळलं. त्यांनी आनंदाने वायफायची पाटी दाखवली. मी वायफाय जोडलं. त्याने माझा मोबाइल नंबर विचारला. म्हणाला, नंबरवर कोड येईल, तो टाका. मी नव्या कार्डाचा नंबर टाकला. नव्या कार्डाला रेंज नसल्यामुळे कोड येणार कुठून? मी नाशिकचा नंबर टाकला. नाशिकचं कार्ड औषधांच्या डबीत. इंटरनेट मिळवायला फोन चालू पाहिजे आणि फोन चालू करायला इंटरनेट. आपल्याकडे रेशनकार्डासाठी असं फिरवतात तेव्हा मी परदेशाचे दाखले देत असे. ते आता बंद केले आहेत.

बाईंनी त्यांच्या टेबलावरचा साधा फोन माझ्यापुढे सरकवला. "लावा भारतात," त्या म्हणाल्या. खुणेनेच म्हणाल्या, पण मनापासून. मी रिसीव्हर उचलला आणि तसाच उभा राहिलो.

मला आक्काचा नंबर पाठ नव्हता.

दाजींचा नव्हता, निकिताचा नव्हता. मला माझ्या दुकानाचा नंबर पाठ होता, आणि दुकान रविवारी बंद. दाजींचा अठ्ठ्याण्णवने सुरू होतो आणि शेवटी चाळीस आहे, एवढं आठवलं. मधले सहा आकडे मी दोनदा अंदाजाने लावले. एकदा कुणीतरी हिंदीत शिवी दिली. कंपनीचा ठिबकच्या तक्रारींचा टोल फ्री नंबर मला झोपेत विचारला तरी सांगता येतो. जिने मला हाताला धरून शाळेत नेलं तिचा नंबर मी फक्त 'आक्का' ह्या नावावर बोट ठेवून लावत आलो. मी रिसीव्हर खाली ठेवला. मला लाज वाटली, आणि ती त्या बाईंसमोर नव्हे.

सगळे नंबर माझ्याच बंद पडलेल्या रेंजच्या फोनमध्ये नावासकट लिहिलेले होते, आणि त्या बाईंच्या मोबाइलवरून हॉटस्पॉटही मागता आला असता. हे दोन्ही मला परतीच्या विमानात सुचलं.

बाईंनी माझ्या कार्डाचं पाकीट वाचलं, मला खिडकीपाशी नेलं आणि बोट दाखवलं. नदीच्या पलीकडे स्वित्झर्लंड होतं. अर्ध्या तासाच्या चालण्यावर एक जुना लाकडी पूल आहे, त्याच्या निम्म्यावर हा देश संपतो. साडेबारा वाजत आले होते. आम्ही निघालो.

फेटा काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. त्या शांत रस्त्याने गुलाबी फेट्यातला एक पन्नाशीचा गृहस्थ पुढे आणि मागे साडीवर स्वेटर घातलेली बाई, असे आम्ही जवळजवळ पळत होतो. सायकलवरचं एक जोडपं थांबलं आणि त्यांनी माझ्याबरोबर फोटो मागितला. दीपमाला म्हणाली, "उभे राहा आता. हौस फिटू दे." मी उभा राहिलो. नाही म्हणायला मला कुठल्याच भाषेत शब्द सुचला नाही.

पूल आपल्याकडच्या कांद्याच्या चाळीसारखा होता. लांबच लांब, लाकडाचा, वर छप्पर, आत सावली. निम्म्यावर दोन्ही देशांच्या खुणा लावलेल्या होत्या. मी ती रेघ ओलांडली आणि आणखी दहा पावलं गेलो. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन हातात एकदा थरथरला, आणि मग थांबेचना.

पहिला निरोप दाजींचा होता. *भाऊ पाहुणे आले. फोन लावू का?*

मग निकिताचा. *मामा व्हिडिओ चालू करा ना. तुमच्या खुर्चीवर कोणाला बसू दिलं नाही.*

मग पुन्हा दाजी. *भाऊ अर्जंट. साईला जहाजावर बोलावलंय. दहा दिवसात निघायचं, नऊ महिन्यांनी परत. पाहुणे म्हणतात सगळे जमलेत, जेवण आहे, भटजी आहे, आजच लगीन लावू. तुमचं मत कळवा.*

*भाऊ, साधना म्हणते मामाला विचारल्याशिवाय व्हय म्हणणार नाय.*

*भाऊ फोन घ्या.*

मधे एकवीस वेळा फोन लावलेला. त्यातले नऊ आक्काचे. आक्काला फोन लावता येतो, पण ती कधी लावत नाही. तिला वाटतं समोरचा कामात असेल.

*भाऊ नाइलाज आहे. चार वीसचा मुहूर्त धरला.*

*मामा माझं लग्न आहे. प्लीज.*

*भटजी थांबायला तयार नाहीत. साधनानं दहा मिनिटं मागून घेतली.*

आणि शेवटचा, पाच मिनिटांपूर्वीचा, दोनच शब्दांचा. *अक्षता पडल्या.*

मी पुलाच्या लाकडी कठड्याला धरून उभा राहिलो. दीपमालाने माझ्या हातातून फोन घेऊन सगळं वाचलं. तिने आक्काचं नाव काढून फोन माझ्या हातात परत दिला.

मी फोन लावला. लगेच उचलला गेला. मागे वाजंत्री, जेवणाच्या पंगतीसाठी खुर्च्या ओढल्याचे आवाज, आणि पडद्यावर आक्का. नवी साडी, कपाळावर मळवटाएवढं कुंकू, तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आलास का," ती म्हणाली. "बरा हायेस ना? आमाला वाटलं गाडीबिडीला काय झालं."

"आक्का, रेंज नव्हती. मी देश..."

"फेटा बांधला व्हय रे," ती म्हणाली. "चांगला दिसतोय."

तेवढ्यात निकिता आली. मुंडावळ्या बांधलेल्या, डोळे सुजलेले. मुली लग्नात रडतात, पण हे रडणं आधीचं होतं, ते मला कळलं. तिच्या अंगावर साखरपुड्याचीच साडी होती. माझी पैठणी येवल्याला मागावर वीतभर विणून झाली असेल. शेजारी साई वाकला आणि दोघांनी फोनला नमस्कार केला. मी आशीर्वाद द्यायला हात उचलला. मला भरून आलं, समोरचं दिसेना, आणि मला माणसांपुढे रडायची लाज वाटते म्हणून मी बोलत बोलत चालायला लागलो. "निकिता, बाळा, मामाचं चुकलं, मामा तुला..." मी म्हणत होतो, आणि पुढून कुणी काही बोलेना. पाहिलं तर पडदा थिजला होता. निकिताचा वाकलेला अर्धा चेहरा आणि एक मुंडावळी. मी चालत चालत रेघेच्या अलीकडे, परत त्या देशात आलो होतो.

पळत पलीकडे गेलो, पुन्हा लावला. दाजींनी उचलला आणि म्हणाले, "भाऊ, ते जेवायला बसले. सावकाश करा नंतर."

चौकात आम्ही पोचलो तेव्हा बस अर्धा तास खोळंबली होती. सविता मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "सर, शांतता मिळाली का?" एका दुकानदाराने मला बसल्याबसल्या सांगितलं की त्याच्याकडे सगळ्या युरोपचं कार्ड आहे आणि आगगाडीतून त्याने घरच्यांना पूर्ण गाव दाखवलं. मी फेटा मांडीवर घेऊन खिडकीतून बाहेर बघत राहिलो. नदी पुन्हा लागली, देश पुन्हा बदलला आणि माझ्या फोनला सगळ्या काड्या आल्या. मला आता कुणालाच फोन करायचा नव्हता.

नाशिकला आल्यावर अण्णा पार्किंगमध्येच भेटले. "बिल नाही ना आलं?" त्यांनी विचारलं. नाही म्हणाल्यावर त्यांना कोण समाधान झालं. मी आक्काकडे चॉकलेटं घेऊन गेलो. तिने ती वाटून टाकली, मला पिठलं-भाकरी वाढली, डोंगरांची चौकशी केली. दाजींनी सांगितलं तेव्हा मला कळलं, की भटजींनी मुलीच्या मागे मामाला बोलावलं आणि कुणीच पुढे आलं नाही, तेव्हा आक्काच्या माहेरच्या भावकीतले दोघे-तिघे उठले होते. "मी राहतो उभा, मी बी मामाच हाय," म्हणाले. आक्काने सगळ्यांना खाली बसवलं. "तिचा मामा येतोय," म्हणाली. आणि दहा मिनिटं मागून घेतली.

मला झोप लागेना. एखादी चूक दुरुस्त करता येते असं मला दुकानदारीमुळे वाटतं. नळी फुटली तर जोड घालता येतो. म्हणून मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या राजूच्या स्टुडिओत गेलो. राजू म्हणाला, "काका, टेन्शन नाही. तुमचा एक फोटो काढू, कॉम्प्युटरवर भाचीच्या मागे उभा करू. कुणाच्या बापाला कळणार नाही." मी तोच फेटा बांधून गेलो. निळ्या पडद्यासमोर मी भाची पुढे आहे असं समजून उभा राहिलो.

"काका, जरा माया आणा," राजू म्हणाला. "तुम्ही मोटार दुरुस्तीला आल्यासारखं बघताय."

मी माया आणली. ती आणायला मला काही करावं लागलं नाही. राजूने एका हाताने कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाला, "बास काका. झालं. डोळे पुसा." चार दिवसांनी त्याने नमुना दिला. काम अप्रतिम होतं. मंगलाष्टकं चालली आहेत, अंतरपाट धरला आहे, निकिताच्या हातात हार आहे आणि तिच्या मागे, खांद्याशी, मी उभा आहे. फेट्याच्या सावलीसकट. मी तो फोटो पाकिटात घालून मातोरीला गेलो.

आक्का शेवंती खुडत होती. तिने हात पदराला पुसले, फोटो घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

"झ्याक दिसतोय," ती म्हणाली.

"अल्बममध्ये हाच लावू, आक्का. राजूला सांगितलंय."

तिने फोटो पाकिटात परत घातला आणि माझ्या हातात दिला.

"नको गेणू. तू न्हवतास."

"पण आक्का, दिसायला..."

"न्हवतास ना? मग ऱ्हाऊ दे."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी पाय धरले असते. ती परत खाली बसून फुलं खुडायला लागली आणि मी तिच्या शेजारच्या सरीत बसून खुडायला लागलो. संध्याकाळपर्यंत खुडत होतो. माझी सवय गेली आहे, देठ लांब राहत होते. ती माझ्या टोपलीतली फुलं उचलून देठ मोडून आपल्या टोपलीत टाकत होती.

अल्बम आता त्यांच्या टीव्हीखालच्या कपाटात असतो. पाहुणा आला की निघतो. त्यात मधोमध मोठ्या पानावर तो मूळचा, मी नसलेला फोटो आहे. नवऱ्याच्या मागे त्याचा मामा उभा आहे. नवरीच्या मागे एका माणसाएवढी जागा सोडून लोक दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभे आहेत. पाहणारा तिथे हमखास थांबतो आणि विचारतो, "हे मधेच मोकळं कसं काय राहिलं?"

आक्का त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवते आणि सांगते, "हा निकिताचा मामा."